दारं धरायला शीक

काल सकाळी अकरा वाजता तू हायवेवरच्या हॉटेलात बसला होतास. कानात इअरफोन, समोर भज्यांची प्लेट, हातात मोबाइल. मला पाहून उठलास, पाया पडलास आणि म्हणालास, "सर, मीटिंग चालू आहे, म्यूटवर आहे." मी काही बोललो नाही. चारचौघांत विद्यार्थ्याचा पाणउतारा करायचा नसतो, हा नियम मी नोकरीभर पाळला. आज तू माझ्या ओसरीवर आला आहेस. घरी फोकस होत नाही, गावात कामाचं वातावरणच नाही, कंपनीनं तीन महिन्यांची मुदत दिली आहे, काम सुधारलं नाही तर नोकरी जाईल, हे तुझं गाऱ्हाणं. बस इथं. मोबाइल उलटा करून मांडीशेजारी ठेवू नकोस. आत माझ्या कपाटावर ठेवून ये. आलास? आता ऐक.

'वातावरण नाही' हे पुन्हा माझ्यासमोर म्हणू नकोस. तू सातवीत होतास तेव्हा वर्गावर पत्रे होते. गाळप हंगामात अंकुशनगरच्या कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर जायचे, दोन-दोन ट्रॉल्या आणि वर कर्ण्यावर गाणी. त्या दणदणाटात तू स्कॉलरशिपच्या जादा तासाला बसून गणितं सोडवलीस. तेव्हा तुला वातावरण कुणी आणून दिलं होतं? समोर फळा होता, हातात वही होती आणि मी उभा होतो. आज मी उभा नाही, एवढाच फरक पडला आहे. म्हणजे दोष गावाचा नाही. तुझ्यावर कुणी उभं असल्याशिवाय तू कामाला बसत नाहीस, हा तुझा दोष आहे.

घरात बसून पोट भरण्याचं काम करणारा तू पहिला माणूस नाहीस. आपल्या शहागडच्या पुलावर उभा राहून मावळतीकडे बघ. याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. पैठण-येवल्याचे विणकर पिढ्यान्‌पिढ्या घरातच विणत आले. घराच्या पुढच्या खोलीत माग, मागाशेजारी चूल, तिथंच लेकरं आणि तिथंच पाहुणे. पदरावरचा मोर इंचाइंचानं सरकतो. एक धागा चुकला तर मागं जाऊन उसवावं लागतं. तो विणकर कधी म्हणाला का, की घरात फोकस होत नाही?

आता दक्षिणेकडे बघ. पुलावरून जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ५२ गेवराई, बीड, धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरला पोचतो. तिथं हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी तेंदूची पानं आणि दोरा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते. बिघडलेली विडी बाजूला काढतात, तिचे पैसे मिळत नाहीत. त्या कामाचं मी कौतुक करत नाही. मजुरी तुटपुंजी आहे आणि तंबाखूची धूळ छातीत जाते. त्या बायांना कामगार म्हणून मान्यता मिळायलासुद्धा १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा व्हावा लागला. पण 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द तुझ्या कंपनीनं उच्चारायच्या कितीतरी आधीपासून त्या बाया ते करत आल्या. तुझ्याकडे खुर्ची आहे, पंखा आहे, दर महिन्याला ठरलेला पगार आहे. तरी तू म्हणतोस, जमत नाही.

पण सोलापूरला तरी कशाला जायचं? तुझ्या घरातच बघ.

तुझा बाप ऊस आणि मोसंबी करतो. शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की तो झोपेतून उठतो, खांद्यावर फावडं टाकतो, बॅटरी घेतो आणि दारं धरायला निघतो. साप-विंचवाचं रान, आता बिबट्याची धास्ती, थंडीत पायाखाली बर्फासारखा चिखल. दारं धरणं म्हणजे काय, हे तुला लहानपणी ठाऊक होतं, आता विसरलास. मोटारीचं पाणी चारीनं येतं. एका सरीचं तोंड फावड्यानं उघडायचं, बाकीच्यांची मातीनं बंद ठेवायची. पाणी शेवटच्या बुडख्यापर्यंत पोचलं की ते दारं लावायचं आणि पुढचं उघडायचं. एका वेळी एकच. पाणी मोजकं, लाइटीचे तास मोजके. बापाचा डोळा लागला तर कुठं तरी सरी फुटते, पाणी शेजारच्याच्या रानात जातं आणि शेवटचा ऊस कोरडा राहतो. तुझा बाप दहावीसुद्धा झाला नाही. पण पाणी कुठं सोडायचं, कुठं अडवायचं आणि कधी वळवायचं, हे तो अंधारात ओळखतो.

तुझं लक्ष हेच तुझं पाणी. तेही मोजकंच येतं. सकाळी भरून येतं आणि दुपारपर्यंत ओसरतं. तू मात्र सगळी दारं एकदम उघडी ठेवून बसतोस. एका सरीत कंपनीचं काम, दुसरीत व्हॉट्सॲपचा ग्रुप, तिसरीत रील, चौथीत क्रिकेटचा स्कोअर, पाचवीत मोंढ्यातला मोसंबीचा भाव. मग संध्याकाळी म्हणतोस, दिवसभर बसलो पण काही झालं नाही. होईल कसं? पाच सऱ्यांची तोंडं ओली झाली, शेवटपर्यंत एकही भिजली नाही.

आणखी एक गोष्ट बापाला विचार. पाणी या सरीतून काढून पलीकडच्या तुकड्यात नेलं आणि पुन्हा इथं आणलं, तर काय होतं? मधली चारी पाणी पिते. कोरड्या मातीला आधी तिचा वाटा लागतो. दर वेळी वळवलं की दर वेळी ती पिते. म्हणून शहाणा शेतकरी एक तुकडा पुरा भिजवतो आणि मगच पाणी हलवतो.

डोक्याचंही तसंच असतं, आणि हे लोकांनी मोजून पाहिलं आहे. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवलं की एक काम अर्धं सोडून माणूस दुसऱ्याकडे वळला, तरी मनाचा एक भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम तेवढं कच्चं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी माणसं पडद्यासमोर कशी वागतात, हे वर्षानुवर्षं घड्याळ लावून पाहिलं. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. अलीकडच्या मोजणीत तो ४७ सेकंदांवर आला. अर्धवट सुटलेल्या कामाकडे परत यायला वीस मिनिटांहून जास्त वेळ जातो, असंही त्यांना दिसलं. त्यांच्या मोजणीतली तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. कामातले जवळपास निम्मे अडथळे बाहेरून येतच नाहीत, माणूस स्वतःच उठून दुसरीकडे जातो. आई हाक मारते, शेजारचा येतो, ट्रॅक्टर वाजतो, अशी यादी तू मला ऐकवलीस. त्या यादीत तुझं स्वतःचं नाव कुठं आहे?

आपल्याच जिल्ह्यातल्या जांबेत समर्थ रामदास जन्मले. दासबोधाच्या अठराव्या दशकात त्यांनी निद्रानिरूपण लिहिलं आणि त्याला लागूनच श्रोत्याच्या अवलक्षणांचा समास लिहिला. ऐकायला म्हणून बसलेला माणूस कसा जांभया देतो, कसा पेंगतो, कशाकशानं उठून जातो, हे सगळं त्यात आलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी मोबाइल नव्हता, तरी मन असंच पळत होतं. त्या समासाच्या तोंडालाच दोन शब्द आहेत, ते वहीत लिहून घे. साक्षेप आणि विक्षेप. साक्षेप म्हणजे कामाचा नेटानं धरलेला ध्यास. विक्षेप म्हणजे मध्येच येऊन पडणारा अडथळा. कामाला हात घातला की विक्षेप येणारच, हे धरूनच चालायचं. प्रश्न एवढाच राहतो की तुझ्याकडे साक्षेप आहे का?

आता तू म्हणशील, "सर, ऑफिसात तर माझं काम चांगलं होत होतं." होत होतं, मला मान्य. कारण ऑफिसनं तुझी दारं धरली होती. ठरलेली वेळ होती, ठरलेली खुर्ची होती, आजूबाजूला काम करणारी माणसं होती, संध्याकाळी उठून बस पकडायची होती. हे सगळं तुला आयतं मिळत होतं आणि तुला वाटत होतं की ती तुझी शिस्त आहे. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला, तू बॅग घेऊन गावाकडे आलास, आणि ती आयती शिस्त पुण्यातच राहिली. तेव्हाचं मी समजू शकतो. रोगाची भीती होती, सगळंच अचानक होतं. पण त्याला वर्षं लोटली. एवढ्या वर्षांत तू घरात एक भिंत उभी केली नाहीस, एक वेळ ठरवली नाहीस, एक नियम केला नाहीस.

घरून काम चांगलं होतं की वाईट, यावर लोक उगाच भांडतात. दोन प्रयोग सांगतो. शांघायच्या सीट्रिप नावाच्या प्रवास कंपनीनं आपल्या कॉल सेंटरमधल्या स्वखुशीनं तयार झालेल्या लोकांपैकी निम्म्यांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब २०१५ साली मांडला. घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं होतं. त्यातला मोठा वाटा मधल्या सुट्ट्या आणि रजा कमी झाल्याचा होता, बाकीचा घरी शांतता असल्याचा. पण तिथं भाग घ्यायची अट काय होती? कामाच्या वेळेत दुसरं कुणी येणार नाही अशी खोली आणि नीट चालणारं इंटरनेट. दुसरा प्रयोग आपल्या देशातला, चेन्नईचा. ॲटकिन, शोअर आणि शिंदे या तिघांनी डेटा एंट्रीच्या कामावर नवे लोक घेतले आणि चिठ्ठी टाकावी तसे काहींना घरी, काहींना ऑफिसात बसवलं. घरी बसलेल्यांचं काम १८ टक्क्यांनी कमी भरलं. घरून काम पाहिजे असं ज्यांनी स्वतः सांगितलं होतं, त्यांचीच घसरण जास्त निघाली. ज्यांच्या घरी लेकरं होती, कुणाची देखभाल होती, घर गरीब होतं, त्यांनाच घरून काम हवं होतं आणि त्यांनाच ते जड गेलं. दोन्हीकडे कामाची जागा घरच होती. एकीकडे कामासाठी वेगळी खोली असलेलीच माणसं घेतली होती, दुसरीकडे अनेकांच्या घरी दुसऱ्या जबाबदाऱ्याही होत्या.

म्हणून आधी जागा. तू दिवाणावर लोडाला टेकून मांडीवर लॅपटॉप घेतोस. त्याच दिवाणावर झोपतोस, जेवतोस, टीव्ही बघतोस. त्या दिवाणावर बसलं की शरीराला झोप आठवते, तिथं काम सुचेल कुठून? गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात बसवत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मग खालच्या धान्याच्या खोलीतली पोती एका कडेला लाव, भिंतीकडे तोंड करून टेबल मांड, दाराला आतून कडी लाव. तेही जमत नसेल तर गावात कुणाची रिकामी खोली दोन पैसे देऊन घे. हॉटेलात बसून भज्यांवर उडवतोस, त्यात भाडं निघेल. आणि त्या जागी फक्त काम कर. तिथं मोबाइलवर गाणं लागलं नाही पाहिजे, तिथं चहाचा कपसुद्धा रेंगाळला नाही पाहिजे.

मग वेळ. मी शाळेत असताना पाठ टाचण काढल्याशिवाय एकदाही वर्गात पाऊल टाकलं नाही. काय शिकवायचं, कुठून सुरू करायचं, कुठं थांबायचं, हे आदल्या रात्री वहीत लिहिलेलं असायचं. तू सकाळी लॅपटॉप उघडतोस आणि पहिला मेल कुणाचा आला, त्यावर तुझा दिवस ठरतो. म्हणजे तुझं टाचण दुसराच कुणी काढतो. आजपासून रात्री जेवणानंतर वहीत उद्याची तीन कामं लिही. दहा नको, तीनच. त्यातलं सगळ्यांत अवघड काम पहाटे, डोकं ताजं असताना. तुझी मीटिंग दहाला असते ना? मग सहा ते नऊ हे तीन तास तुझे आहेत. या वेळात नदीवरून गार वारा येतो, गाव शेतात असतं, कंपनीतलं कुणी जागं नसतं. ते तीन तास तू झोपून घालवतोस आणि नंतर अडथळ्यांच्या नावानं रडतोस.

एका बैठकीत किती वेळ बसायचं, हेही सांगतो. आपल्या लग्नात पूर्वी घटिकापात्र ठेवायचे, आठवतं? पाण्यावर तरंगणारी बारीक भोकाची वाटी. ती बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. दोन घटकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. इटलीतल्या फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोसारखं घड्याळ २५ मिनिटांना लावून अभ्यास केला आणि जगभर त्याचं नाव झालं. आपल्याकडे हे माप आधीपासून होतं, आपण ते फक्त लग्नापुरतं ठेवलं. तू एक घटका धर. एका घटकेत एकच काम. घटका संपली की उठ, पाणी पी, अंगणात चार पावलं चाल, परत ये. आठ दिवसांनी दोन घटका सलग बस. दिवसाला अशा दहा घटका खऱ्या कामाच्या झाल्या, तर मी सांगतो, तुझं काम पूर्वीच्या दुप्पट दिसेल. वहीत प्रत्येक घटकेला एक रेघ ओढ. रेघ खोटी ओढू नकोस. ती मला दाखवायची नाही, तुला स्वतःलाच दाखवायची आहे.

मोबाइलबद्दल लांबण लावत नाही. आल्या आल्या तो कपाटावर ठेवायला सांगितला तेव्हा तुझा हात दोनदा खिशाकडे गेला, मी पाहिलं. कामाच्या घटकेत तो दुसऱ्या खोलीत राहील. कंपनीचे फोन लॅपटॉपवर येतात, त्यासाठी तो लागत नाही. घरी खरंच तातडी आली तर तुझी आई दार वाजवेल, दहा पावलांवर तर आहे.

लाइट आणि नेटचंही तेच. लाइट जाणार, हे शहागडात कुणाला नवीन आहे? इन्व्हर्टर घे. दुसऱ्या कंपनीचं सिम ठेव. नेट नसताना करता येतील अशी कामं वहीत वेगळी लिहून ठेव, म्हणजे लाइट गेली की हॉटेलात जायचं कारण उरणार नाही. तुझा बाप लाइटीच्या नावानं रडत बसला असता तर तुझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली नसती.

आता जे सांगणार आहे ते मन घट्ट करून ऐक, कारण तुझी सगळ्यांत मोठी चूक इथं आहे.

तुझी बायको, आपली सूनबाई, हीसुद्धा पुण्याच्या कंपनीचंच काम करते. तिचीही डिग्री तुझ्याएवढीच. आमच्या घरच्या बाई परवा तुमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्या सांगत होत्या, सूनबाई साडेचारला उठते, भाकरी थापून होईपर्यंत सहा वाजतात, पोराला शाळेत धाडते, आणि मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्यानं काम करते. मध्ये कुणी आलं की चहा टाकायला तिलाच हाक. रात्री सगळे झोपल्यावर उरलेलं काम पुरं करते. तिला कंपनीनं मुदत दिली नाही. ती कुणाकडे गाऱ्हाणं घेऊन गेली नाही. आणि तू, ज्याला ताट वाढून मिळतं, ज्याची खोली झाडून मिळते, तू म्हणतोस घरी फोकस होत नाही.

सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. २९९ मिनिटं म्हणजे बारा घटकांच्या वर. तुझ्या घरातल्या त्या घटका कुणाच्या जातात, याचा हिशेब तू कधी मांडलास? तू धान्याच्या खोलीत टेबल मांडशील तेव्हा एक नाही, दोन टेबलं मांड. दाराला कडी तुझ्यासाठी लागेल तेव्हा तिच्यासाठीही लागेल. ती कामाला बसली की पाहुण्यांना चहा तू करशील. पोराला शाळेत आळीपाळीनं सोडाल. हे तू केलं नाहीस, तर बाकीचं सगळं करूनही तुझी शिस्त दुसऱ्याच्या जिवावरची राहील, आणि तिला मी शिस्त म्हणणार नाही.

तुझ्या आईशी मी स्वतः बोलेन. तिचा दोष नाही. मांडीवर डबा घेऊन बसलेला मुलगा तिच्या लेखी घरी असलेलाच मुलगा. तिला कुणी समजावून सांगितलंच नाही की त्या डब्यात तुझं ऑफिस आहे. रागावून 'आई, मध्ये येऊ नकोस' म्हणणं सोपं असतं. तिच्याजवळ बसून सांग, की सहा ते नऊ आणि दहा ते एक मी कामावर गेलेलो आहे असं धर, मधल्या तासात आणि एकनंतर हाक मारलीस तरी चालेल. दारावर वेळ लिहून लाव. आणि एक वाजता खरंच उठ, तिच्याशेजारी बसून जेव. तू दिलेली वेळ पाळलीस, तर ती तुझी वेळ पाळेल.

शेवटी उठण्याचं. तू अभिमानानं सांगतोस की रात्री अकरापर्यंत लॅपटॉप चालू असतो. तो अभिमान सोड. गिब्स, मेंगेल आणि सीमरोथ या तिघांनी टाळेबंदीच्या काळातल्या एका मोठ्या भारतीय आयटी कंपनीतल्या दहा हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या. लोक घरी गेले तसे कामाचे तास वाढले, मीटिंगा वाढल्या, सलग बसून करायच्या कामाचा वेळ आटला, आणि हातून निघालेलं काम मात्र वाढलं नाही. फुटक्या सरीवर रात्रभर मोटार चालवली म्हणून ऊस भिजत नाही. संध्याकाळी सहा वाजता लॅपटॉप मिट आणि घाटाकडे चालत जा. पोराला सोबत ने. तुझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला बाप घरी दिसतो रोज, पण भेटतो किती? तू दिवसभर कामात अर्धा आणि घरात अर्धा असतोस. म्हणून कंपनी म्हणते तू नाहीस, आणि पोरगंही म्हणतं तू नाहीस.

मी एवढा का चिडलो, ते सांगतो. या गावानं हुशार पोरं पाठवायची आणि घरांना कुलपं लावायची, हे मी आयुष्यभर पाहिलं. दहावीच्या बॅचमागून बॅच पुण्याला गेली. म्हातारे आई-बाप पुलाकडे बघत बसले. मग तू परत आलास. लॅपटॉप घेऊन बापाच्या घरात राहून पुण्याचं काम करणारा आपल्या आळीतला पहिला मुलगा. मला वाटलं, आता वाट सापडली. आज आठवी-नववीतली पोरं तुझ्याकडे बघताहेत. तू तीन महिन्यांनी बॅग भरून गेलास, तर ती शिकतील की गावात राहून असलं काम होत नाही. आणि कंपनी पुढच्या गावाकडच्या मुलाला घरून काम देताना दहा वेळा विचार करेल. तुझी चूक तुझ्यापुरती राहणार नाही, म्हणून ती मी खपवून घेणार नाही.

तुझ्यात दम आहे, हे मला ठाऊक आहे. पत्र्याखाली गणित सोडवणारा मुलगा मी पाहिला आहे. तो कुठं गेला नाही, फक्त विस्कटला आहे.

आता उठ. या आठवड्यात रात्रीची पाळी आहे, तुझा बाप आज शेतात जाणार. तू त्याच्यासोबत जा. बॅटरी घे, फावडं घे, मोबाइल घरी ठेव. एक तुकडा पुरा भिजेपर्यंत तू स्वतः दारं धर, त्याला बांधावर बसू दे. उद्या दुपारी झोप काढ. परवा सकाळी सहाला टेबलाशी बस, आणि रविवारी वही घेऊन माझ्याकडे ये. रेघा मी मोजणार नाही. तू मोजलेल्या मला सांग.